दोनशे चौदा नंबरचं दार

युनिव्हर्सिटीच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी
लेलँड प्रुइट पाट्या कोरतो. एकतीस वर्षं.
प्लास्टिकचा भुसा त्याच्या भुवयांत बसतो,
पिठासारखा पांढरा,
पण कशाचीच भाकरी न होणारा.

आज वरून कागद आला.
ओहायोतला फेब्रुवारी, पार्किंगमधला बर्फ काळा पडलेला.
कागदावर लिहिलंय:
दोनशे चौदाची पाटी उतरवा.
नवा मजकूर 'विद्यार्थी यश केंद्र'.
आकार तोच. रंग राखाडी.

या दाराच्या सगळ्या पाट्या त्याच्याच हातच्या.
पहिली 'अल्पसंख्याक विभाग', पितळी,
तेव्हा त्याला केस होते.
मग 'बहुसांस्कृतिक',
मग 'समता, समावेश आणि'...
त्या 'आणि'च्या पुढे दर दोन वर्षांनी एक शब्द वाढायचा.
अक्षरं बारीक करत करत शेवटी अशी झाली
की वाचायला दाराला नाक लावावं लागे.
पाटी मोठी घ्या की, तो म्हणाला होता.
बजेट नव्हतं.
पाटीला नव्हतं, आतल्या खोलीलाही नव्हतं.

एकदा सक्तीच्या ट्रेनिंगला बसवलं होतं त्याला.
प्रोजेक्टर, गार सँडविच.
तुम्हाला कोणते विशेषाधिकार मिळाले, लिहा.
त्याने लिहिलं: हिवाळ्यात बॉयलरची ऊब.
शिकवणारी हसली नाही.
तो किस्सा त्याने बायकोला, मेव्हण्याला,
गॅस भरणाऱ्या पोराला सांगितला,
आणि नोव्हेंबरात मत कुणाला दिलं
ते कुणालाच नाही.

आज स्क्रूड्रायव्हर घेऊन वर गेला
तर व्हर्लीन बतिस्त खोका भरत होती.
बावीस वर्षं पुढच्या टेबलावर.
डावा खण उघडा. त्यात बसभाड्याची चिल्लर,
सॅनिटरी पॅड, टॉमॅटो सूपची पाकिटं.
होदान वारसमे झेरॉक्सच्या खोलीत नमाज पढायची,
तेव्हा मशीन बंद ठेवायचं, एवढा एकच नियम
हिने स्वतः केलेला.
आणि कोळशाच्या खोऱ्यातला तो गोरा पोरगा, डेनी स्ट्रूप,
पाटीवरच्या एकाही शब्दात न बसणारा,
फीमाफीचा फॉर्म घेऊन आठवडाभर इथेच बसला,
सूप प्यायला, पास झाला,
आणि आता म्हणे स्टेट हाउसमध्ये कुणाच्या तरी
ऑफिसात आहे. कागदांचे मसुदे करतो.

'त्यानेच केला असेल का रे हा?'
'कोण जाणे.'
'शब्दलेखन तरी बरोबर आहे,' ती म्हणाली.

पाटी निघाली. खाली दार म्हणजे चाळण.
प्रत्येक पाटीची भोकं वेगळी,
हिरवा रंग, त्याखाली साय-रंग, त्याखाली तपकिरी.
ज्यांनी नाव ठेवलं ते गेले,
आता नावं ठेवणारे आले,
दार बिचारं दोघांचेही स्क्रू सोसतंय.

'ही किती दिवस टिकेल?' व्हर्लीनने विचारलं.
'प्लास्टिक? दोनशे वर्षं.'
'आणि मजकूर?'
त्याने अंगठा आणि तर्जनीमधलं
अंतर दाखवलं.
ती हसली. मग एकदम हसायची थांबली,
खणाची किल्ली टेबलावर ठेवली,
पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

तळघरात येऊन त्याने जुनी पाटी उलटी केली.
मागची बाजू वापरून टाकावी, पैसे वाचतील.
मागे 'बहुसांस्कृतिक'.
तेव्हाही त्याने हाच विचार केला होता.

म्हणजे नवीन तुकडा कापणं आलं.
त्याने मशीन लावलं. बॉयलर धडधडला.
वर कुणीतरी दोनशे चौदाचं दार वाजवत होतं,
निदान त्याला तसं वाटलं; पाइपांतून
पुष्कळ काही ऐकू येतं.
दार उघडल्याचा आवाज काही आला नाही.

'विद्यार्थी' कोरून झालं.
पुढच्या शब्दाआधी
त्याने जागा जरा जास्तच सोडली.
सवयीने.